आपांना ऐकू येईल असं पान

ग्रंथालयात नोकरी केली म्हटलं की ऐकणारा हमखास म्हणतो, "मग काय, दिवसभर वाचत बसायचं." मिठाईच्या दुकानातला माणूस दिवसभर पेढे खातो का, असं मी पूर्वी उलट विचारायची. अकोल्याच्या ज्या सार्वजनिक ग्रंथालयात माझं आयुष्य गेलं, तिथं मी देवघेवीच्या टेबलावर होते. नवं पुस्तक आलं की शिक्का मारायचा, क्रमांक द्यायचा, विषय पाहून कपाट ठरवायचं. कोणी नेलं की नोंद, परत आणलं की पुन्हा नोंद. पुस्तकं हातातून जायची, डोळ्यांखालून नाही. पाठीवरचं नाव, मलपृष्ठावरच्या चार ओळी आणि परत करताना वाचकाचा चेहरा, एवढ्यावर मी पुस्तक चांगलं की कसं ते ठरवायची. बहुतेक वेळा बरोबर यायचं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. सगळ्या नोकरीची कहाणी सांगत बसत नाही, कारण त्यातली पुष्कळ वर्षं एकसारखी होती. सांगण्यासारखी आहेत ती शेवटची दोन-तीन. ज्या वयात माझ्या मैत्रिणी एकमेकींना गुडघ्यांच्या डॉक्टरांची नावं सांगत होत्या, त्या वयात मी वेबपान तयार करायला शिकले. आणि त्या नादात आयुष्यात पहिल्यांदा एक कादंबरी शब्द न् शब्द वाचली.

सुरुवात मालोकार वकिलांनी केली. ते आमच्या ग्रंथालयाचे कार्यवाह, म्हणजे बिनपगारी मालक. माणूस भला, पण एखादी कल्पना डोक्यात शिरली की ती दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवूनच घरी जायचे. एक दिवस टेबलाशी येऊन म्हणाले, "इंगळेबाई, सगळ्यायचे ग्रंथालयं इंटरनेटवर जाऊन राहिले. आपलंही पान पाह्यजे."

"मंग कोन करते ते?"

"तुमी."

"मले काय येते त्यातलं?"

"म्हनूनच तं कोर्स शोधून आनला. फुकट हाये. कुठी जा नाई लागत, कॉलेजात जा नाई लागत. आपल्या सवडीनं शिकाचं."

सवड हा शब्द ऐकून मला हसू आलं. पण दुपारी पेपर वाचणारे म्हातारे जेवायला जातात आणि कॉलेजची मुलं यायची असतात, तेवढा वेळ ग्रंथालयात पंख्याचाच काय तो आवाज असतो. तीच माझी सवड झाली.

तो कोर्स म्हणजे मास्तर नसलेली शाळा होती. छोटे छोटे व्हिडिओ, प्रत्येकाच्या शेवटी प्रश्न. उत्तर चुकलं की हिरव्या अक्षरांत, पुन्हा प्रयत्न करा, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य यायचं. कितीही वेळा चुका, अक्षरं तितकीच शांत. शाळेत असताना मला इतक्या मायेनं कोणी वागवलं नव्हतं. पण त्या मायेतच गोम होती. कोणी रागवत नाही, म्हणजे कोणी विचारतही नाही, की बाई, समजलं का तुला? शिकवणारी मुलगी भरभर इंग्रजी बोलायची. मी तिला अर्ध्या वेगावर लावायची, मग ती झोपेत बरळल्यासारखी बोलायची. दोन्हींतून जे हाती लागेल ते घेऊन मी पुढच्या धड्याला जायची आणि तिथं कळायचं की मागचा धडा कळलाच नव्हता.

कोर्समध्ये शिकणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायची एक जागा होती. तिथं सगळे इंग्रजीत लिहायचे. एक दिवस त्या गर्दीत मराठीतली एकच ओळ दिसली: "हे मला एकटीलाच समजत नाहीये का?" खाली नाव होतं मनीषा गावंडे, अमरावती. मी लिहिलं, "नाही, आपण दोघी आहोत." मनीषा तिकडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती, माझ्याहून पुष्कळ लहान. दुसऱ्या दिवसापासून आमचे फोन सुरू झाले. एकीनं अडायचं, दुसरीनं ढकलायचं. मास्तर नव्हता, पण शेजारच्या बाकावरची मैत्रीण मिळाली आणि माझी शाळा चालू राहिली.

आता हमीदा आपांबद्दल सांगते, कारण ही गोष्ट त्यांची आहे.

हमीदा आपा आमच्या सर्वांत जुन्या वाचकांपैकी. जुन्या शहरातल्या उर्दू शाळेत त्यांनी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात घालवली. घरी उर्दू, गल्लीत हिंदी आणि मराठी मात्र पुस्तकातून घेतलेली, म्हणून त्यांची मराठी आमच्यापेक्षा धुतलेली. आमी म्हटलं की "आम्ही", पानी म्हटलं की "पाणी". मी त्यांना म्हणायची, "आपा, तुमच्यासमोर बोलाची सोय नाई." त्या म्हणायच्या, "बोल की. मी फक्त ऐकते आहे." पण ऐकताना त्यांच्या भुवया जागच्या जागी राहायच्या नाहीत.

मोर्णा नदीवरचा पूल ओलांडून त्या चालत यायच्या, खांद्याला कापडी पिशवी. पुस्तक निवडायला त्यांना खूप वेळ लागायचा. काढायच्या, उघडायच्या, मधलं एखादं पान उभ्या उभ्या वाचायच्या, परत ठेवायच्या. पती लवकर गेले होते. मुलगा, सून, नातवंडं असं भरलं घर होतं. एकदा मी विचारलं, घरी एवढी माणसं असताना वाचायला शांतता कशी मिळते? त्या म्हणाल्या, "घरात मी अम्मी असते, दादी असते, सासू असते. पुस्तक उघडलं की मी कोणाचीच कोणी नसते. तेवढंच."

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. ती टिकली नाही. आधी मोठ्या अक्षरांची पुस्तकं मागायला लागल्या, मग भिंग आणलं, मग यायच्या त्या सून शबानाचा हात धरून. आणि एका दुपारी त्या टेबलासमोर खुर्चीत बसल्या, पिशवीतून आमचं सभासदाचं कार्ड काढलं आणि माझ्यापासून जरा बाजूला, टेबलाच्या रिकाम्या जागी ठेवलं.

"सुनंदा, माझं नाव कमी कर."

पिशवीत एक कादंबरीही होती. दोन बहिणींची गोष्ट, आमच्याच भागातल्या एका लेखिकेची, जुनी. आपा अर्ध्यावर पोचल्या होत्या. थोरली रागानं घर सोडून जाते, तिथं त्यांचे डोळे थांबले.

"शबाना वाचून दाखवीन ना," मी म्हटलं.

शबाना म्हणाली, "मेरेको मराठी अटक-अटक के आती, बाजी. मैं तो तैयार हूं. अम्मीच नको म्हनते."

आपांनी कादंबरी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "ती दिवसभर राबते. तिला मी सांगू, की हे वाक्य पुन्हा वाच? आणि पुन्हा? आणि आता थांब, मला जरा गप्प बसायचं आहे? दुसऱ्याच्या तोंडून वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या हातानं जेवणं. आजारपणात ठीक आहे. रोज नाही."

मी कार्ड उचललं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. नाव कमी केलं नाही. त्यांना तसं सांगितलंही नाही. कादंबरी जमा करून घेतली, पण कपाटात लावली नाही.

कोर्समध्ये एक धडा मी शेवटासाठी बाजूला टाकला होता. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, हात चालत नाहीत, अशांनाही वापरता येईल असं पान कसं करायचं, त्याबद्दलचा. आपल्या सवडीनं शिकायचं म्हटल्यावर असे धडे मागंच पडतात. त्या दुपारी मी तोच उघडला. अर्ध्या वेगावर लावला, मग पाव वेगावर. त्यातून मला पहिल्यांदा कळलं की साध्या फोनमध्येही एक आवाज असतो. तो चालू केला की पडद्यावर जे आहे ते तो वाचून दाखवतो. बोट उजवीकडं सरकवलं की पुढचं, डावीकडं सरकवलं की मागचं, दोनदा टिचकी मारली की उघडतं. मराठीतही बोलतो. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये तो इतकी वर्षं गप्प बसून होता.

शबानाला फोन केला. तिनं आपांच्या फोनवर तो आवाज सुरू करून घेतला. आपांना तो पहिल्या दिवशी अजिबात आवडला नाही. "ही बाई भाव न आणता बोलते," त्या म्हणाल्या. पण त्या शिक्षिका. सराव कसा करायचा हे त्यांना सांगावं लागलं नाही. घरच्यांची नावं शोधून फोन लावायच्या आणि उचलला की म्हणायच्या, "काही नाही, पाहत होते."

तोवर आमच्या ग्रंथालयाचं पान तयार झालं होतं. वर मालोकार वकिलांचा आणि अध्यक्षांचा फोटो. खाली नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे रंगीत फोटो, ओळीनं मांडलेले. वकीलसाहेब ज्याला त्याला फोनवर दाखवत फिरत होते. मलाही अभिमान वाटत होता, का वाटू नये? मी आपांना बोलावलं. म्हटलं, या आणि तुमीच पाहा. पाहा हा शब्द तोंडातून गेला आणि जीभ चावली. आपा म्हणाल्या, "असू दे. मीही अजून तसंच म्हणते."

त्या आल्या. वकीलसाहेबही होते. आपांनी फोन टेबलावर ठेवला, पान उघडलं आणि बोट सरकवलं.

फोनमधली बाई म्हणाली, "चित्र. आयएमजी शून्य शून्य सात चार."

आपांनी पुन्हा सरकवलं. "चित्र. आयएमजी शून्य शून्य सात पाच."

मग एकामागून एक तसंच. मग "येथे क्लिक करा." मग पुन्हा "येथे क्लिक करा." मग आणखी एकदा.

"येथे म्हणजे कोठे?" आपांनी विचारलं. रागानं नाही. वर्गात फळ्यावरचं चुकलेलं वाक्य मुलाला दाखवावं तसं.

वकीलसाहेब पुढं वाकले. "ते पयलं काय होतं? शून्य शून्य सात चार?"

"तुमचा फोटो," मी म्हटलं.

"म्हनजे माही ओळख तेवढीच?"

आपा हसल्या. त्या हसल्या म्हणून आम्हालाही हसता आलं. पण त्या गेल्यावर मी पान समोर घेऊन बसले आणि मला वाईट वाटलं. ज्या दारातून त्या इतकी वर्षं आत आल्या, ते दार मी सजवून भिंतीवर नुसतं रंगवून ठेवलं होतं.

बाहेरच्या माणसाला सांगते, चूक कुठं होती. आपण अक्षर मोठं आणि ठळक केलं की आपल्याला ते शीर्षक वाटतं. त्या आवाजाला ठळक दिसत नाही. हे शीर्षक आहे, असं पानाच्या आत सांगून ठेवावं लागतं. मग ऐकणारा एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो, आपण अनुक्रमणिका पाहून हवं ते प्रकरण काढतो तसा. तसंच चित्राचं. वर्णन नसलं की तो आवाज नुसतं फाइलचं नाव वाचतो. चित्रामागं त्याचं वर्णन शब्दांत लिहून ठेवायचं. ते डोळ्यांनी पाहणाऱ्याला दिसत नाही, ऐकणाऱ्याला ऐकू येतं. हे सगळं धड्यात होतं. मी प्रश्नांची उत्तरंही बरोबर दिली होती. पण आपांचं बोट सरकताना ऐकलं तेव्हा ते समजलं.

मी पान पहिल्यापासून करायला घेतलं. शीर्षकं नीट केली. "येथे क्लिक करा" काढून "नव्या कादंबऱ्यांची यादी", "ग्रंथालयाची वेळ" असं लिहिलं. मग मुखपृष्ठांची वर्णनं लिहू लागले. पहिलं लिहिलं: "मुखपृष्ठावर एक बाई." आपांना ऐकवलं.

"कशी बाई?"

"म्हनजे?"

"बसलेली की उभी? कोठे बघते आहे? सुनंदा, मुखपृष्ठ बघून मी पुस्तक हातात घ्यायचं की नाही ते ठरवायची. एक बाई, एवढ्यावर मी काय ठरवू?"

मी पुस्तक पुन्हा हातात घेतलं. बाई चुलीपुढं बसलेली होती, पण चुलीकडं पाहत नव्हती, दाराकडं पाहत होती. दार काढलेलं नव्हतं, नुसता तिच्या अंगावर पडलेला उजेड होता. हे पुस्तक मी किती वेळा दिलं-घेतलं होतं, देवाला ठाऊक. तो उजेड मला दिसला नव्हता. मी लिहिलं: "चुलीपुढे बसलेली एक मध्यमवयीन स्त्री. तिचे लक्ष दाराकडे आहे. चेहऱ्याच्या एका बाजूवर बाहेरचा उजेड."

आपांनी ते दोनदा ऐकलं. म्हणाल्या, "हे मी नेलं असतं."

पुढं कित्येक दुपारी मी पुस्तकं बघत होते, आणि ती पहिल्यांदाच बघतेय असं वाटत होतं. वकीलसाहेबांच्या फोटोचंही वर्णन लिहिलं. त्यांनी स्वतः मजकूर सुचवला होता, त्यात "तेजस्वी" असा शब्द होता. आपांनी तो कापायला लावला. "चष्मा घातलेले, हसतमुख," एवढं राहिलं. वकीलसाहेबांनी ते मान्य केलं, आणि माझ्या आठवणीप्रमाणे त्याच दिवशी फोटो वरून खाली घ्या असंही तेच म्हणाले.

यादी आता बोलायला लागली होती. आपा घरी बसून नवी पुस्तकं ऐकायच्या, फोन करून मला सांगायच्या की अमुक वर्णनात एक शब्द जास्त आहे. मी खुश होते. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "यादी छान झाली. पण पुस्तक?"

हॉटेलच्या पाटीवरचे पदार्थ वाचून पोट भरत नाही, हे मला कळत होतं. पण पुस्तक उचलून असं इंटरनेटवर टाकता येत नाही. ते लेखकाचं असतं.

मनीषाला विचारलं. तिनं चौकशी केली आणि सांगितलं, "ताई, ज्यांना छापलेलं वाचता येत नाही, त्यांच्यासाठी वाचता येईल अशी प्रत करून द्यायला कायद्यात मुभा आहे. नफा करायचा नाही, आणि प्रत त्यांनाच द्यायची, गावाला नाही. आमच्या कॉलेजात चांगला स्कॅनर आहे. पुस्तक घेऊन या."

मी आधी घरीच फोननं पानांचे फोटो काढून पाहिले होते. शिवणीजवळची अक्षरं सावलीत जायची. म्हणून एका रविवारी ती दोन बहिणींची कादंबरी पिशवीत घेऊन मी अमरावतीची गाडी धरली. मूर्तिजापूर गेल्यावर खिडकीबाहेर कपाशी पांढरी दिसायला लागली. मी पुस्तक काढलं, म्हटलं वाचावं. दोन पानं वाचली आणि मिटलं. आपा जिथं थांबल्या तिथवर पोचले तर एकटीनं पुढं जाणं मला प्रशस्त वाटेना.

अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनवर मनीषा घ्यायला आली होती. इतके महिने फोनवर बोललेली बाई प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होती. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "ताई, तुमी तं आवाजापेक्षा उंच हाये."

दिवसभर आम्ही दोघींनी पानं उलटली. एकीनं पुस्तक धरायचं, दुसरीनं बटण दाबायचं. मग ती चित्रं एका प्रणालीत घातली की ती चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करते. ऐकायला सोपं आहे. पण जुना टाईप, पिवळा कागद. यंत्राला ख दिसेना, तो त्याला र आणि व दिसायचा. खिडकीची रविडकी झाली. घ आणि ध मध्ये तर यंत्रानं काही फरकच ठेवला नाही. थोरलीनं घर सोडलं, त्याचं थोरलीनं धर सोडलं झालं. मनीषा म्हणाली, "हे सगळं हातानं नीट करावं लागीन, ताई. एक एक शब्द."

"करतो ना," मी म्हटलं. आमच्याकडं बायकाही करतो म्हणतात. आपांनी ऐकलं असतं तर भुवई वर गेली असती.

मग माझ्या दुपारी त्यात जायला लागल्या. डावीकडं पुस्तक, उजवीकडं पडद्यावर मजकूर. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून पुढं जायचं. कादंबरी अशी कोणी वाचत नाही, आणि लिहिणारीनं मात्र ती अशीच लिहिलेली असते, हे मला तेव्हा जाणवलं. धाकटी बहीण थोरलीचं ताट वाढून ठेवते आणि मग ते झाकते, असं एक वाक्य आहे. भरभर वाचणारा ते वाक्य ओलांडून जाईल. मला त्यातला प्रत्येक काना-मात्रा तपासायचा होता. मी तिथं थांबले आणि माझे डोळे भरून आले. समोर एक मुलगा स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, मी नंतर येऊ का?"

एक प्रकरण झालं की आपांच्या फोनवर पाठवायची. प्रकरणाला शीर्षक, परिच्छेद वेगळे, धड्यात शिकवलं होतं तसं. माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका आपांच्या कानाला बरोबर सापडायच्या. फोन यायचा.

"सुनंदा, 'तिने मान रवाली घातली.' हे काय आहे?"

"खाली. सुटलं माह्याकडून."

"बरं. आणि पुढं काय होतं ते सांगू नकोस."

"मी कायले सांगते?"

"तुझ्या आवाजावरून कळतं. आज आवाज उतरलेला आहे. म्हणजे काहीतरी वाईट येतं आहे."

मी तेव्हापासून आवाज जपून बोलायला लागले.

याच काळात माझा कोर्सही संपत आला. शेवटी आपण केलेलं एक पान तपासायला द्यायचं होतं. मी ग्रंथालयाचं पान दिलं. काही दिवसांनी उत्तर आलं, की चित्रांची वर्णनं विशेष चांगली आहेत, ती कशी लिहिली? मी लिहिलं, माझ्या एका वाचकानं लिहून घेतली. प्रमाणपत्र आलं. वकीलसाहेबांनी ते छापून, फ्रेम करून देवघेवीच्या टेबलामागं लावायचं ठरवलं. मी त्याआधी एक छापील प्रत पिशवीत घातली. आपांना दाखवायची होती. दाखवायची म्हणजे हातात द्यायची.

जायला आणखी एक कारण होतं. शेवटची दोन प्रकरणं पाठवून बरेच दिवस झाले होते आणि आपांचा फोन आला नव्हता. चुका काढायलाही नाही. मी लावला तर उचलला नाही. काळजी वाटायला लागली. दुपारी टेबल दुसऱ्या बाईंकडं सोपवलं आणि पूल ओलांडून जुन्या शहरात गेले. आपांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, खाली दुकान, वर राहणं. अरुंद जिना.

जिन्यात अर्ध्यावर शबाना भेटली. खाली येत होती. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"तब्येत?" मी हळूच विचारलं.

"एकदम ठीक. शादी में गए थे, बाजी, परभनी. कलच आए. फोन घरीच भूलके गए. आज सकाळपासून बैठी हैं. बुलाऊं?"

वरून आवाज येत होता. फोनमधली बाई वाचत होती, तिच्या त्याच सपाट आवाजात. शेवटचं प्रकरण होतं. मला ते पाठच झालं होतं. थोरली बहीण इतक्या वर्षांनी धाकटीच्या दाराशी येते आणि कडी वाजवत नाही, नुसती उभी राहते. ते वाक्य झालं. आवाज थांबला. मग पुन्हा तेच वाक्य. मग पुन्हा तेच. आपा बोटानं मागं जात होत्या.

"नको बलावू," मी म्हटलं. "होऊ दे."

मी पायरीवर बसले. शबानानं जरा माझ्याकडं पाहिलं, वर जाऊन चहा आणला आणि तीही शेजारी बसली. खाली गल्लीतून भाजीवाल्याची गाडी गेली. वर गोष्ट पुढं सरकत होती, थांबत होती, मागं जात होती. एका जागी आपा एकट्याच हसल्या. एका जागी बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग पुन्हा ती बाई वाचू लागली. आणि मग संपलं. संपल्यावर फोनमधली बाई काही म्हणत नाही. गप्प होते.

आम्ही उठलो नाही. मला वाटलं, आता लगेच आत गेले तर त्यांना पुन्हा कोणाचं तरी कोणी व्हावं लागेल.

बऱ्याच वेळानं माझ्या पिशवीतला फोन वाजला. मी घाईनं काढला. आपांचं नाव होतं. शबानानं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. मी दोन पायऱ्या खाली सरकले आणि अगदी हळू आवाजात म्हटलं, "हां आपा, बोला."

"सुनंदा, झालं वाचून."

"कशी वाटली?"

त्यांचा वर्गातला आवाज आला. "थोरलीनं यायला नको होतं. एवढं सगळं झाल्यावर? लेखिकेनं शेवट गोड करायला तिला आणून उभं केलं आहे."

मला ते मुळीच पटलं नाही. ते प्रकरण मी एक एक अक्षर तपासून नीट केलं होतं. मी म्हटलं, "असं कसं म्हनता आपा? थे कडी वाजवत नाई ना. माफी मागाले आली असती तं कडी वाजवली असती. थे फक्त पाहाले आली."

"पाहायला," आपा म्हणाल्या. "आणि पाहायचं होतं तर इतकी वर्षं का थांबली?"

"धाकटी रोज ताट वाढत होती, हे तिले कोनी सांगतलंच नोतं. सांगतलं तवा आली." बोलता बोलता माझा आवाज चढला होता. ग्रंथालयात मी अशी कधी बोलले नव्हते. कोणी पुस्तकाबद्दल सांगायला लागलं की मी हो हो म्हणायची आणि शिक्का मारायची.

तिकडून उत्तर आलं नाही. मला वाटलं फोन कटला.

"सुनंदा," आपा म्हणाल्या, "तुझा आवाज दोनदा का येतो आहे?"

शबानानं पदर तोंडाला लावला.

"एकदा फोनमधून येतो आणि एकदा जिन्यातून," त्या म्हणाल्या. "किती वेळ झाला बसली आहेस? वर ये. भांडायचं तर समोर बसून भांडू."